डिझाइन पॅटर्न फंक्शनल शैलीत कसे उतरवावेत

१९९४ साली एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस या चौघांनी २३ डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोडच्या रचनेत वारंवार येणाऱ्या अडचणींवरचे ठरावीक तोडगे, मांडले, तेव्हा त्यांची उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमधली होती. १९९६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी दाखवून दिलं की त्यांपैकी १६ पॅटर्न लिस्प किंवा डायलनसारख्या भाषेत एक तर फार सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. हा आकडा तेव्हापासून वादात फेकला जातो. कामावर बसलेल्या माणसाची अडचण वेगळी असते. समोर स्ट्रॅटेजी, कमांड, व्हिजिटर अशा नावांचे क्लास आहेत, भाषेत लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेली बिननावाची फंक्शनं, येऊन बरीच वर्षं झाली आहेत, मग या क्लासचं नेमकं काय करायचं? 'सगळ्याचं फंक्शन करून टाका' हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. काही पॅटर्नचं फंक्शन होतं, काहींचा डेटा होतो. चुकीची बाजू निवडली, तर जुने क्लासच बरे होते असं म्हणायची पाळी येते.

खालचे कोडचे तुकडे कुठल्याही एका भाषेतले नाहीत. त्यांत => म्हणजे फंक्शन आणि | म्हणजे 'किंवा', तर 'जुळवा' म्हणजे डेटाचा प्रकार बघून त्याची शाखा निवडणं, एवढं धरून चालायचं.

आधी विचारायचे प्रश्न

पॅटर्नचं नाव काय आहे हे बाजूला ठेवा आणि त्याचा इंटरफेस, म्हणजे क्लासने कोणत्या मेथड द्यायच्या त्याची यादी, उघडून बघा.

इंटरफेसमध्ये मेथड किती आहेत? एकच असेल तर तो इंटरफेस म्हणजे नाव दिलेलं फंक्शनच. दोन-तीन मेथड असतील आणि त्या नेहमी एकत्रच वापरल्या जात असतील, तर फंक्शनचं एक रेकॉर्ड, म्हणजे नाव दिलेल्या फील्डचा गठ्ठा, करायचं.

इंटरफेस अमलात आणणाऱ्या क्लासची यादी बंद आहे की उघडी? आज असलेले पाच क्लास हीच पूर्ण यादी असेल आणि त्यांच्यावर करायच्या क्रियाच वाढत असतील, तर बेरीज-टाइप घ्यायचा, म्हणजे 'हा प्रकार किंवा तो प्रकार' असं सांगणारा डेटा. बाहेरचं कोणी सहावा क्लास आणणार असेल, तर फंक्शन किंवा इंटरफेसच ठेवायचा.

या वर्तनाच्या आत कोणाला डोकवावं लागणार आहे का? म्हणजे ते लॉगमध्ये छापायचं, फाइलमध्ये साठवायचं, दुसऱ्या मशीनवर पाठवायचं किंवा दोन वर्तनं सारखी आहेत का ते तपासायचं आहे का? फंक्शनच्या आत बघता येत नाही, ते फक्त चालवता येतं. यांतलं एकही काम असेल तर फंक्शन नको, डेटा हवा. रूपांतर फसतं ते बहुतेक वेळा हा प्रश्न न विचारल्यामुळे.

आणि शेवटी, ऑब्जेक्टच्या पोटात बदलणारी स्थिती आहे का? असेल तर तिचा मालक कोण हे आधी ठरवा. मालक न ठरवता क्लास मोडला, तर तीच स्थिती क्लोजरच्या, म्हणजे बाहेरची व्हेरिएबल धरून ठेवणाऱ्या फंक्शनच्या, आत लपून बसते आणि आता ती डिबगरमध्येही धड दिसत नाही.

स्ट्रॅटेजी आणि टेम्प्लेट मेथड

स्ट्रॅटेजी म्हणजे एखादं काम करायची पद्धत वेगळ्या, बदलता येणाऱ्या क्लासमध्ये ठेवणं. तिचं रूपांतर सगळ्यात सरळ. क्लास जातो, फंक्शन पॅरामीटर म्हणून येतं.

साठवा = (लहान_करा, फाइल) => लिहा(लहान_करा(फाइल))

मूळ स्ट्रॅटेजीच्या कन्स्ट्रक्टरला काही सेटिंग द्यावी लागत असेल, तर फंक्शन परत करणारं फंक्शन लिहा:

कापणी = (कमाल) => (मजकूर) => पहिली_अक्षरे(मजकूर, कमाल)

बाहेरचं फंक्शन जोडणीच्या वेळी एकदा चालतं, आतलं दर वापराला. म्हणून सेटिंग आधी आणि डेटा शेवटी, हा क्रम सगळीकडे सारखा ठेवा. कुठलं काम कुठल्या पातळीवर करायचं याकडे लक्ष हवं. रेग्युलर एक्स्प्रेशन तयार करणं, तक्ता वाचून ठेवणं ही महाग कामं बाहेरच्या फंक्शनमध्ये करा, नाहीतर ती प्रत्येक ओळीला पुन्हा होत राहतील. 'आत्ताची वेळ' किंवा यादृच्छिक संख्या मात्र आत घ्या. ती बाहेर घेतली तर प्रोग्रॅम सुरू झाला तेव्हाचीच वेळ दिवसभर सगळ्या नोंदींवर छापली जाते. टेस्टमध्ये हे पकडलं जात नाही, कारण टेस्ट क्षणात संपते.

लूपमध्ये अशी फंक्शनं तयार करताना जुना सापळा आहे. पायथनमध्ये क्लोजर व्हेरिएबलची किंमत पकडत नाही, व्हेरिएबलच पकडतं. त्यामुळे लूप संपल्यावर सगळी फंक्शनं शेवटचीच किंमत वापरतात. जावास्क्रिप्टमध्ये 'व्हार'ने हेच होतं, २०१५ च्या आवृत्तीत आलेल्या 'लेट'ने होत नाही. सी शार्पने फॉर-ईच लूपसाठी हे २०१२ मध्ये पाचव्या आवृत्तीत सुधारलं, तर गो भाषेने २०२४ मध्ये १.२२ आवृत्तीत. जावात हा प्रश्न येत नाही, कारण नंतर बदलणारं लोकल व्हेरिएबल लॅम्डामध्ये वापरूच देत नाहीत. पायथनमधला उपाय म्हणजे फंकटूल्समधलं 'पार्शल' वापरणं किंवा किंमत डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये अडकवणं. पहिला उपाय वाचणाऱ्याला लवकर कळतो.

दुसरी अडचण नावाची. 'दशांश घेतो, दशांश देतो' अशी दोन फंक्शनं एकाच फंक्शनला दिली आणि त्यांची अदलाबदल झाली, तर कंपायलर गप्प बसतो, कारण दोघांचा टाइप एकच. क्लास असताना त्यांची नावं वेगळी होती म्हणून ही चूक होत नव्हती. टाइपला नुसतं टोपणनाव देऊन भागत नाही, बहुतेक भाषांत टोपणनाव म्हणजे तोच टाइप असतो. जावात स्वतःचा एका मेथडचा इंटरफेस लिहा, लॅम्डा तरीही चालेल. हॅस्केलमध्ये न्यूटाइप वापरा. इतर ठिकाणी एका फील्डचं रेकॉर्ड पुरतं.

टेम्प्लेट मेथड म्हणजे पाया क्लासमध्ये सांगाडा आणि उपक्लासमध्ये भरायच्या जागा. त्या जागा पॅरामीटर करा. तीनपेक्षा जास्त झाल्या तर डिफॉल्ट फंक्शनं भरलेलं रेकॉर्ड द्या आणि वापरणाऱ्याला हवं तेवढंच बदलू द्या. इथे एक बारीक फरक अंगावर येतो. क्लासमध्ये 'शीर्षक' ही मेथड 'तारीख_लिहा'ला बोलावत असेल आणि उपक्लासने फक्त 'तारीख_लिहा' बदलली, तर 'शीर्षक' आपोआप नवी तारीख वापरते. रेकॉर्डमधलं डिफॉल्ट 'शीर्षक' मात्र तयार झालं तेव्हाच्या जुन्या 'तारीख_लिहा'ला धरून बसलेलं असतं. रेकॉर्डमधली तारीख बदलली तरी शीर्षकात जुनीच येते. असं परस्परावलंबन असेल तर प्रत्येक फंक्शनला पहिलं आर्ग्युमेंट म्हणून ते रेकॉर्डच द्या. आणि ते करताना आपण हातानेच क्लास बांधतोय असं वाटायला लागलं, तर ते खरंच आहे. तिथे क्लास राहू द्यावा.

कमांड: फंक्शन नको, डेटा हवा

कमांड पॅटर्नमध्ये करायचं काम एका ऑब्जेक्टमध्ये बांधून ठेवतात. बऱ्याच लेखांत 'कमांड म्हणजे फक्त लॅम्डा' असं एका ओळीत उरकलेलं असतं. बटण दाबल्यावर काहीतरी चालवायचं एवढंच असेल तर ते खरंही आहे. पण कमांड पॅटर्न घेतला जातो तो बहुधा रांग लावण्यासाठी, नोंद ठेवण्यासाठी आणि 'पूर्ववत करा'साठी. ही तिन्ही कामं आत डोकावण्याची आहेत. पायथनमधला पिकल लॅम्डा साठवायलाच नकार देतो, त्यामुळे लॅम्डाची रांग दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवताच एरर येते. लॉगमध्ये फंक्शन छापलं तर मेमरीतला पत्ता मिळतो, काय केलं ते कळत नाही.

म्हणून कमांड डेटा म्हणून लिहा आणि ती लागू करणारं एकच फंक्शन ठेवा. फंक्शनच्या जागी डेटा आणि त्याचा अर्थ लावणारं फंक्शन ठेवण्याची ही रीत जॉन रेनॉल्ड्स यांनी १९७२ मध्ये मांडली. टेक्स्ट एडिटरसाठी ती अशी दिसते:

आज्ञा = घाला(जागा, मजकूर) | पुसा(जागा, मजकूर)

लागू = (दस्त, आज्ञा) => नवा दस्त

उलट = (आज्ञा) => जुळवा आज्ञा
    घाला(ज, म) => पुसा(ज, म)
    पुसा(ज, म) => घाला(ज, म)

'पुसा'मध्ये लांबी न ठेवता पुसलेला मजकूर ठेवला आहे, ते मुद्दाम. 'जागा ५ पासून १२ अक्षरं पुसा' ही आज्ञा उलटवता येत नाही, कारण ती बारा अक्षरं कोणती होती हे तिला ठाऊक नसतं. उलटवता येण्यासाठी लागणारी माहिती आज्ञा तयार होतानाच तिच्यात गेली पाहिजे. प्रत्येक नव्या आज्ञेसाठी एक टेस्ट लिहा: आज्ञा लागू करा, तिची उलट लागू करा, दस्त मूळ दस्ताशी तंतोतंत जुळला पाहिजे. यादृच्छिक दस्त तयार करून हीच टेस्ट काहीशे वेळा चालवली तर रिकामा मजकूर, दस्ताचा शेवट, जोडाक्षर मधूनच तुटणं असल्या कडेच्या चुका बाहेर पडतात.

आज्ञा डिस्कवर जाणार असतील तर त्या कोडपेक्षा जास्त जगतात. पहिल्या दिवसापासून त्यांच्यात आवृत्ती क्रमांक ठेवा. फील्डचं नाव बदललं की जुन्या फाइल उघडेनाशा होतात, आणि ते कळतं ते ग्राहकाकडून.

उलट आज्ञा लिहिणं फार गुंतागुंतीचं होत असेल तर मेमेंटोकडे, म्हणजे जुनी स्थिती जशीच्या तशी साठवून ठेवणाऱ्या पॅटर्नकडे, वळा. बदल न होणाऱ्या डेटामध्ये हा पॅटर्न जवळजवळ फुकट मिळतो: जुना दस्त यादीत ठेवायचा, बस. प्रत्येक वेळी पूर्ण प्रत होते अशी भीती बाळगायचं कारण नाही. स्कालामधला व्हेक्टर ३२ फांद्यांचं झाड असतो, दहा लाख घटक चार पातळ्यांत मावतात. एक घटक बदलला की मुळापासून त्या घटकापर्यंतच्या मोजक्या गाठी नव्या होतात, बाकी सगळं झाड जुन्या-नव्या आवृत्तीत सामाईक राहतं. इतिहासाला मात्र मर्यादा घाला, शंभर किंवा पाचशे पायऱ्या. यादीत टिकून राहिलेली एक जुनी आवृत्ती तिच्या सगळ्या गाठी मेमरीत अडकवून ठेवते.

डेकोरेटर आणि जबाबदारीची साखळी

डेकोरेटर मूळ वर्तनाभोवती जादा काम गुंडाळतो. एका मेथडच्या इंटरफेसवरचा डेकोरेटर म्हणजे फंक्शन घेऊन त्याच आकाराचं फंक्शन परत देणारं फंक्शन. अशी कितीही एकावर एक चढवता येतात. सगळी गंमत क्रमात आहे.

अ = पुनःप्रयत्न(३, वेळमर्यादा(५, मागणी))
ब = वेळमर्यादा(५, पुनःप्रयत्न(३, मागणी))

'अ'मध्ये प्रत्येक प्रयत्नाला ५ सेकंद मिळतात, म्हणजे वापरणारा १५ सेकंदांपर्यंत ताटकळू शकतो. 'ब'मध्ये तिन्ही प्रयत्न मिळून ५ सेकंद, आणि पहिलाच प्रयत्न अडकला तर दुसरा होतच नाही. दोन्ही कंपाइल होतात, दोन्ही टेस्टमध्ये हिरवे दिसतात. लॉगिंगचंही तसंच. ते पुनःप्रयत्नाच्या बाहेर असेल तर एक नोंद, आत असेल तर तीन. म्हणून ही रचना एकाच जागी, एका नावाखाली लिहा. पाच फाइलमध्ये पाच क्रम नकोत. जोडणीची दिशाही एकच ठेवा: गणितातली जोडणी उजवीकडून डावीकडे वाचली जाते, पाइप डावीकडून उजवीकडे. एका प्रकल्पात दोन्ही असतील तर क्रमाच्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत.

पायथनच्या डेकोरेटरमध्ये फंकटूल्सचं 'रॅप्स' लावायचं विसरू नका. ते नसेल तर मूळ फंक्शनचं नाव आणि वर्णन हरवतं आणि लॉगमध्ये सगळ्या फंक्शनांची नावं 'रॅपर' अशीच दिसतात. 'एलआरयू कॅश' हा तयार डेकोरेटर मेथडवर लावला, तर कॅशच्या किल्लीत तो ऑब्जेक्टही जातो आणि नोंद बाहेर ढकलली जाईपर्यंत मेमरीतून सुटत नाही. डिफॉल्ट मर्यादा १२८ नोंदींची आहे. मोठे ऑब्जेक्ट असतील तर तेवढ्याही पुष्कळ होतात.

इंटरफेसमध्ये 'वाचा' आणि 'बंद करा' अशा दोन मेथड असतील तर फक्त 'वाचा'चं फंक्शन करू नका. 'बंद करा' वाटेत गळून पडतं आणि फाइल हँडल साचत जातात. तिथे रेकॉर्ड किंवा क्लासच हवा.

जबाबदारीची साखळी, म्हणजे विनंती एकामागून एक क्लासकडे जाते आणि ज्याला जमेल तो ती हाताळतो, फंक्शनच्या यादीत सपाट होते. प्रत्येक फंक्शन 'असेल किंवा नसेल' असा ऑप्शन परत देतं आणि पहिलं 'असेल' मिळालं की थांबायचं. ऑप्शनऐवजी नल परत केला तर 'हाताळलं, पण उत्तर रिकामं आहे' आणि 'मी हाताळलंच नाही' यांतला फरक पुसला जातो. यादीच्या शेवटी काहीच जुळलं नाही तर काय, हेही स्पष्ट लिहा. क्लासच्या साखळीत तो प्रसंग अनेकदा मुकाट गिळला जातो.

व्हिजिटर

रूपांतराचा खरा फायदा इथे दिसतो. व्हिजिटरमध्ये प्रत्येक क्लासला 'स्वीकारा' मेथड, प्रत्येक क्रियेला एक व्हिजिटर क्लास आणि त्यात दर प्रकाराला एक मेथड, असा डोलारा उभा राहतो. तो कशासाठी? फक्त 'हा ऑब्जेक्ट कुठल्या प्रकारचा आहे आणि यावर कुठली क्रिया करायची' हे दोन्ही एकदम ठरवता यावं म्हणून. बेरीज-टाइप आणि पॅटर्न मॅचिंग असलेल्या भाषेत एवढंच उरतं:

राशी = अंक(न) | बेरीज(राशी, राशी) | गुणाकार(राशी, राशी)

किंमत = (र) => जुळवा र
    अंक(न) => न
    बेरीज(अ, ब) => किंमत(अ) + किंमत(ब)
    गुणाकार(अ, ब) => किंमत(अ) * किंमत(ब)

कॉम्पोझिट (भागांचं झाड) आणि इंटरप्रिटर (अशा झाडाचा अर्थ लावणं) हे पॅटर्नही याच पाच ओळींत आले. छापणं, सोपं रूप देणं ही प्रत्येकी एक वेगळी फंक्शनं, मूळ टाइपला हात न लावता.

हे जमायला भाषेचा आधार लागतो. हॅस्केल, ओकॅमल, एफ शार्प, रस्ट यांत तो आहेच. जावात सील्ड क्लास, म्हणजे उपक्लासची यादी बंद असलेले क्लास, १७ व्या आवृत्तीत (२०२१) आले आणि स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग २१ व्या आवृत्तीत (२०२३) पक्कं झालं. त्याआधीच्या जावात अडकला असाल तर व्हिजिटर ठेवा. 'इन्स्टन्स-ऑफ'ची, म्हणजे एकेक प्रकार तपासणाऱ्या 'इफ'ची, शिडी लावून तो काढून टाकणं म्हणजे कंपायलरची मदत घालवणं. पायथनमध्ये 'मॅच' ३.१० पासून आहे.

रूपांतर करताना पाळायचा सगळ्यात महत्त्वाचा नियम: 'बाकी सगळं' अशी शाखा लिहू नका. उद्या 'वजाबाकी' हा प्रकार वाढला की कंपायलरने प्रत्येक अपुऱ्या ठिकाणी बोट ठेवावं, हीच तर या सौद्यातली कमाई. 'बाकी सगळं' लिहिलं की नवा प्रकार गुपचूप त्या शाखेत जातो आणि चूक निकालात दिसते. रस्टमध्ये आणि जावाच्या नव्या स्विचमध्ये अपुरी यादी म्हणजे एरर असते. हॅस्केलमध्ये ती फक्त सूचना असते आणि तीही चालू करावी लागते. ती चालू करा आणि बिल्डमध्ये तिला एरर माना. पायथनमध्ये शेवटच्या शाखेत ३.११ पासून मिळणारं 'असर्ट नेव्हर' ठेवा, म्हणजे टाइप तपासणारं साधन ओरडेल.

दोन ठिकाणी हे रूपांतर करू नये किंवा जपून करावं. एक, नवे प्रकार बाहेरचे प्लगइन आणणार असतील तेव्हा. क्लासच्या रचनेत नवा प्रकार घालणं स्वस्त आणि नवी क्रिया घालणं महाग, तर बेरीज-टाइपमध्ये याच्या बरोबर उलट. फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये या पेचाला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' असं नाव दिलं. तो मोडायचे मार्ग आहेत, टाइपक्लास (टाइपला बाहेरून क्रिया जोडायची सोय) त्यांपैकी एक, पण साध्या प्रकल्पात आपली वाढ कुठल्या दिशेला होणार हे ओळखणं पुरेसं असतं. गेल्या वर्षभराचे कमिट बघा: क्लास जास्त वाढले की मेथड?

दुसरं ठिकाण म्हणजे फार खोल झाडं. वरचं 'किंमत' स्वतःलाच बोलावतं आणि पायथनमध्ये अशा खोलीची डिफॉल्ट मर्यादा १००० आहे. लांबलचक बेरजेचं झाड एका बाजूला कलतं आणि ती मर्यादा सहज ओलांडतं. मर्यादा वाढवून मोकळं होऊ नका. स्वतःचा स्टॅक ठेवून लूपने फिरा, किंवा फिरण्याचं काम एका फोल्डमध्ये (झाडभर फिरून एक उत्तर काढणाऱ्या फंक्शनमध्ये) वेगळं काढा म्हणजे हा बदल एकाच जागी करावा लागेल.

स्टेट आणि ऑब्झर्व्हर

स्टेट पॅटर्नमध्ये ऑब्जेक्टचं वागणं त्याच्या अवस्थेप्रमाणे बदलतं. त्याला व्हिजिटरचाच उपाय लागू पडतो. अवस्थांचा बेरीज-टाइप आणि एक फंक्शन:

पुढे = (अवस्था, घटना) => (नवी_अवस्था, करायची_कामं)

प्रत्येक अवस्थेत तिला लागतो तेवढाच डेटा ठेवा. 'जोडलेलं' या अवस्थेतच सॉकेट, 'थांबलेलं' या अवस्थेतच पुढच्या प्रयत्नाची वेळ. मग 'जोडलेलं नाही, तरी सॉकेट आहे' असा अशक्य प्रसंग लिहिताच येत नाही आणि तो तपासणारे अर्धे 'इफ' गळून पडतात. संदेश पाठवणं, टायमर लावणं ही कामं या फंक्शनच्या आत करू नका. ती डेटा म्हणून परत द्या आणि बाहेरच्या एका लूपला करू द्या. त्याने टेस्ट फार सोपी होते: घटनांची यादी द्या, शेवटची अवस्था आणि कामांची यादी पडताळा, नकली सॉकेट लागत नाही. एल्म भाषेची रचना अशीच आहे, आणि २०१५ मध्ये आलेलं रिडक्सही अवस्था-बदलाच्या बाबतीत याच वळणाचं.

ऑब्झर्व्हर, म्हणजे घटना घडली की नोंदणी केलेल्यांना कळवणारा पॅटर्न, विरघळत नाही. कॉलबॅकची यादी ठेवली म्हणजे तो फंक्शनल झाला असं नाही, क्लास जाऊन लॅम्डा आले एवढंच. जावाने आपला तयार ऑब्झर्व्हर इंटरफेस नवव्या आवृत्तीत कालबाह्य ठरवला. त्याच्या जागी घटनांचे प्रवाह आले, ज्यांवर निवड, रूपांतर, जोडणी करता येते. दोन-तीन घटना एकत्र जोडायच्या असतील तर प्रवाहाची लायब्ररी घ्या. एकाच बटणासाठी ती आणणं जड पडतं.

साधे कॉलबॅक ठेवत असाल तर नोंदणी करणाऱ्या फंक्शनने नोंदणी रद्द करणारं फंक्शन परत द्यावं. जावास्क्रिप्टमध्ये 'बाइंड' दर वेळी नवं फंक्शन देतं. त्यामुळे लावताना एकदा आणि काढताना पुन्हा 'बाइंड' केलं तर काहीच निघत नाही, आणि एररही येत नाही. कॉलबॅक टिकून राहतो, त्याच्या क्लोजरने धरलेली अख्खी स्क्रीन मेमरीत राहते. त्याच जातीची आणखी एक चूक: कॉलबॅक चालू असताना कोणी आपली नोंदणी रद्द केली तर यादी फिरतानाच बदलते आणि पुढचा एक कॉलबॅक वगळला जातो. फिरण्याआधी यादीची प्रत घ्या.

उरलेले, झटपट

फॅक्टरी म्हणजे ऑब्जेक्ट परत देणारं फंक्शन. ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी म्हणजे अशा फंक्शनचं रेकॉर्ड. ॲडॅप्टर म्हणजे मूळ फंक्शनच्या आधी किंवा नंतर जोडलेलं रूपांतर. प्रोटोटाइपचं काम बदल न होणाऱ्या रेकॉर्डची 'एवढं बदलून प्रत दे' ही सोय करते. नल ऑब्जेक्टच्या जागी ऑप्शन, किंवा काहीच न करणारं फंक्शन. फसाड आणि मीडिएटर मॉड्यूलच्या पातळीवरचे आहेत, शैली बदलली तरी ते तसेच राहतात.

बिल्डरच्या, म्हणजे ऑब्जेक्ट टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्या क्लासच्या, जागी नाव दिलेली आर्ग्युमेंट आणि डिफॉल्ट किंमती पुरतात. पण बिल्डरच्या शेवटच्या मेथडमध्ये तपासणी असेल, जसं सुरुवात शेवटाच्या आधी हवी, तर ती हरवू देऊ नका. खरा कन्स्ट्रक्टर मॉड्यूलमध्ये झाका आणि 'वैध किंवा चूक' असं उत्तर देणारं एकच फंक्शन बाहेर ठेवा.

सिंगलटन, म्हणजे प्रोग्रॅमभर एकच असलेला ऑब्जेक्ट, काढायचा तर ती वस्तू पॅरामीटर म्हणून खाली पाठवा. मॉड्यूलच्या पातळीवर किंमत ठेवणं चालतं, पण ती न बदलणारी असेल तरच. बदलणारी असेल तर तो वेगळ्या वेषातला सिंगलटनच.

इटरेटरच्या जागी आळशी क्रम, म्हणजे मागितल्यावरच पुढची किंमत काढणारे क्रम, येतात आणि दोन चुका हमखास होतात. पायथनचा जनरेटर एकदाच वाचता येतो. दुसऱ्यांदा वाचला तर तो मुकाट रिकामा निघतो, जावाचा स्ट्रीम निदान एक्सेप्शन तरी फेकतो. आणि फाइल उघडणाऱ्या ब्लॉकमधून आळशी क्रम बाहेर दिला तर वाचायची वेळ येईपर्यंत फाइल बंद झालेली असते. ब्लॉकच्या आतच पूर्ण यादी करा, किंवा वाचणारं फंक्शन आत पाठवा.

चालू कोडमध्ये बदल करताना

एका वेळी एकच पॅटर्न घ्या, एका कमिटमध्ये. आधी जुन्या इंटरफेसवर टेस्ट लिहा, क्लासच्या पोटातल्या गोष्टींवर नकोत. मग तीच आर्ग्युमेंट घेणारं आणि त्याच टाइपचं उत्तर देणारं फंक्शन लिहून जुन्या क्लासला आतून त्याच्याकडे बोट दाखवायला लावा. या टप्प्यावर कोड थोडा वाढतो, ते ठीक आहे. नंतर वापरणाऱ्या जागा एकेक करून फंक्शनकडे वळवा आणि कोणी उरलं नाही की क्लास पुसा. अनामिक लॅम्डा तीन ओळींपेक्षा मोठा झाला की त्याला नाव देऊन बाहेर काढा. स्टॅक ट्रेसमध्ये नुसता क्रमांक दिसणाऱ्या लॅम्डांची माळ रात्री दोन वाजता वाचणं कोणालाच नको असतं.

इंटरफेसमध्ये पाच-सहा मेथड आणि सामाईक स्थिती असेल, फ्रेमवर्कला क्लासच हवा असेल, किंवा उघडणं-बंद करणं असं आयुष्य असलेला रिसोर्स असेल, तर तो क्लास सोडून द्या आणि पुढचा घ्या.